वीस इंचांचा ठराव

हॉलिस ट्रॅमेल सोसायटीच्या सभेला गेला होता तो केक खायला. जूनच्या सभेला पीचचा केक असतो आणि तो अध्यक्षीणबाई मिस जॉर्जीन स्वतः भाजून आणतात, त्यामुळे तळ्याभोवतीच्या बासष्ट घरांतली निदान चाळीस घरं तरी त्या सभेला हजर असतात. एरवी कोरम भरायची मारामार. हॉलिसने दुसरा तुकडा नुकताच तोंडात घातला होता आणि विषय क्रमांक सात निघाला.

"तळ्याच्या पूर्वेकडच्या उथळ कोपऱ्यात कमळाची पानं आणि शेवाळ माजलं आहे," मिस जॉर्जीन वाचत होत्या. बाई शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण त्या बोलायला लागल्या की अजूनही अलाबामातले भलेभले पुरुष खुर्चीत ताठ बसतात. "तिथे मासे नाहीत, फक्त डास आहेत. तेव्हा तणनाशक फवारून कोपरा साफ करावा. कुणाची हरकत?"

"मासा आहे," हॉलिस म्हणाला. म्हणजे केक तोंडात असताना जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणाला.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तो कोपरा नेमका हॉलिसच्या घरामागे येत होता. मे महिन्यात निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी आपल्या लाकडी धक्क्यावर कॉफी घेऊन बसायचा. चारच दिवसांपूर्वी पानावर बसलेला एक चांगला धट्टाकट्टा बेडूक त्याच्या डोळ्यांदेखत, अर्ध्या पानासकट, पाण्यात गडप झाला होता. आवाज असा की हॉलिसच्या हातून कप सुटला.

"बास जातीचा मासा आहे," त्याने घास गिळला. "पाच पौंडांचा तरी असेल."

आता त्या मुलखात न पकडलेला प्रत्येक मासा पाच पौंडांचाच असतो. हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला शेजारचा बॉयस क्लेकलर, ज्याच्या चकचकीत लाल बोटीला त्याच्या घरापेक्षा जास्त खिडक्या... नाही, ते राहू द्या, बोटीला खिडक्या नव्हत्या. पण घराला नव्हतं इतकं पॉलिश होतं एवढं खरं. त्याच बॉयसने गंमत म्हणून सूचना मांडली, आणि मिस जॉर्जीननी गंमत न समजता ती इतिवृत्तात लिहूनही घेतली: श्री. ट्रॅमेल यांनी एकतीस जुलैच्या सभेपर्यंत सदर तणातून निदान वीस इंच लांबीचा बास मासा पकडून दाखवल्यास फवारणीचा प्रस्ताव मागे घेण्यात येईल. अन्यथा एक ऑगस्टला फवारणी.

घरी येईपर्यंत बायको काही बोलली नाही. नेल्डा गाडीत कधीच बोलत नाही, कारण नवरा एकतीस वर्षं गाडी चालवायला शिकवायचा आणि मध्ये कुणी बोललेलं त्याला चालत नाही. दार उघडल्यावर मात्र तिने विचारलं, "पाच पौंड हे तू कशावरून म्हणालास?"

"अंदाजाने."

"तुझा अंदाज माहीत आहे मला. बैठकीच्या पडद्यांचं माप तूच घेतलं होतंस."

हॉलिसला वाईट वाटलं, आणि ते पडद्यांचं नव्हे. एकतीस वर्षं अख्ख्या गावाची पोरं त्याने शिकवली. ती कुणाच्या भिंतीत घुसू नयेत म्हणून रोज जीव मुठीत धरला. आता कुठे त्याला असा एक कोपरा मिळाला होता जिथे सकाळी तासभर कुणी कशावर आदळणार नव्हतं. पानं होती, चतुर होते, आणि खाली कुठेतरी ते एक भलं मोठं तोंड होतं. त्यावर विष फवारणार म्हणे, आणि वर हसले. त्याने त्याच क्षणी ठरवलं, हा मासा मी पकडणार.

आता पकडणार म्हणजे कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षानंतर त्याने गळ हातात धरला नव्हता. अलाबामात ही गोष्ट कुणी कबूल करत नाही, म्हणून मासेमारीच्या सामानाच्या दुकानातही त्याने केली नाही. तो आत्मविश्वासाने आत गेला आणि पोटाखाली गळाचे तीन-तीन आकडे लटकणारे, आमिषाचे दोन झकास चांदीरंगी लाकडी मासे घेऊन बाहेर पडला. पहिल्या सकाळी धक्क्यावरून त्याने पंचेचाळीस वेळा गळ टाकला आणि पंचेचाळीस वेळा शेवाळ ओढून काढलं. दहा वाजेपर्यंत धक्क्यावर त्याच्या कमरेएवढा ढीग झाला होता. दुपारी मिस जॉर्जीनची चिठ्ठी आली: "तण स्वतःहून काढायला घेतल्याबद्दल सोसायटी आपली आभारी आहे."

चिठ्ठी वाचून हॉलिसचे कान लाल झाले. कुंपणाशी बॉयस उकडलेल्या शेंगा खात उभाच होता.

"असल्या पाण्यात उघडे आकडे टाकतात होय रे?" बॉयसने टरफल तळ्यात टाकलं. "जुलैच्या उन्हात मासा पानांच्या सावलीत बसतो. त्याच्या डोक्यावरून काहीतरी चालत गेलं पाहिजे. रबरी बेडूक घे. पोकळ असतो, आकडे पाठीला चिकटलेले असतात, पानात अडकत नाहीत. पानावर टाकायचा, टुकटुक करत आणायचा, पाण्याची फट आली की थांबायचं. तोच वर येतो."

"तू मला का सांगतोयस? तूच तर सूचना मांडलीस."

"अरे, नीट प्रयत्न करून हरलास तर मजा आहे. असा काय हरतोस."

हॉलिसने अपमान गिळला आणि बेडूक आणले. हिरवा एक, काळा एक, पिवळ्या पोटाचा एक. पण धक्क्यावरून ते पानांच्या मध्यापर्यंत पोचेनात. बोट हवी होती, आणि ती गराजमध्ये होती: पत्र्याची, सपाट बुडाची, नेल्डाच्या वडिलांची. ती त्याने पाण्यात लोटली मात्र, समोरून पांढरा हंस आला.

हा हंस म्हणजे सोसायटीची पायाने चालवायची बोट. तीत डेल्बर्ट स्नेलग्रोव्ह बसलेला असतो. डेल्बर्ट पूर्वी टपाल खात्यात होता आणि आता सोसायटीचा तळे-सुरक्षा प्रमुख आहे. पिवळं जाकीट, शिट्टी, वही. हंसात बसलेल्या माणसाला कुणी गंभीरपणे घेणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांची नावं त्या वहीत आहेत.

"परवान्याचा स्टिकर?" डेल्बर्टने विचारलं.

"नाही. मिळेल का?"

"मिळेल की. बोट पाण्यावर तरंगते का ते मी तपासतो आणि देतो."

"मग तपासा. आत्ता तरंगतेच आहे."

"स्टिकर नसलेली बोट पाण्यात आणता येत नाही, हॉलिस."

या मुद्द्यावर नऊ दिवस गेले. जुलैचे नऊ दिवस, ज्यांत तो मासा रोज सकाळी धक्क्यापासून साठ पावलांवर फटकन आवाज करून हॉलिसला आपण जिवंत असल्याचं कळवत होता. मिस जॉर्जीन म्हणाल्या नियम स्पष्ट आहे. डेल्बर्ट म्हणाला नियम स्पष्ट आहे. बॉयस म्हणाला स्टिकर न लावता पहाटे जा. हॉलिस ते करणार नव्हता. ज्याने जन्मभर पोरांना रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबवलं, तो स्वतः विनास्टिकर कसा जाईल? शेवटी तोड काढली नेल्डाने. बोट दोरीने अंगणातल्या झाडाला बांधून पाण्यात ढकलायची. दोरीचं टोक जमिनीवर आहे तोवर बोट जमिनीवरच आहे. डेल्बर्टने वही मिटून दहा मिनिटं विचार केला आणि मान्य केलं. स्टिकर क्रमांक एकाहत्तर बोटीच्या डाव्या अंगाला चिकटला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. सतरा जुलैच्या सकाळी हॉलिसने काळा बेडूक पानांवर टाकला, टुकटुक करत आणला, फटीत थांबवला. पाणी फुटलं. बादलीएवढं तोंड वर आलं, आणि हॉलिसने त्याच क्षणी गळाची काठी मागे खेचली. बेडूक माशाच्या जबड्यातून सुटून थेट हॉलिसच्या कपाळावर बसला.

चूक बॉयसला कुंपणावरूनच दिसली होती. "लगेच ओढायचं नाही रे. त्याने तोंडात घेतलेला असतो, मिटलेलं नसतं. त्याला खाली जाऊ दे, वजन लागलं की मग झटका मार. एक, दोन म्हण."

एक, दोन. सांगायला काय जातंय. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या पायाखाली शिक्षकाचा वेगळा ब्रेक होता, समोर काही हललं की ज्याचा पाय मेंदूला न विचारता खाली जायचा, आणि ज्यामुळे गावातल्या निदान चार पोस्टाच्या पेट्या आणि एक पाद्री आज शाबूत आहेत, त्याला म्हणे थांब. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. वर पाण्यात स्फोट झाला की त्याचा उजवा पाय पत्र्याच्या बुडावर असा दणकन आपटायचा की अर्ध्या तळ्यातले मासे पळून जायचे. नेल्डाने पायाखाली उशी दिली. आवाज बंद झाला, हात थांबेना.

मग सल्ले सुरू झाले. बातमी चर्चच्या बुधवारच्या जेवणापर्यंत पोचली होती आणि कपाळावरचं लाल टेंगूळ पुरावा म्हणून सोबत होतंच. ज्या पाद्र्याचा वर उल्लेख आला, ते म्हणाले मासा आला की मनात जेवणाआधीची प्रार्थना म्हण. हॉलिसने म्हणून पाहिली. 'हे परमेश्वरा'तल्या 'हे'ला बेडूक कपाळावर आला. कुणी सांगितलं डोळे मिटून घे. मिटले, तर बेडूक मिस जॉर्जीनच्या धक्क्यावर, त्यांच्या वाळत घातलेल्या पोहण्याच्या पोशाखात जाऊन अडकला, आणि तो सोडवायला जाण्याचा प्रसंग या कथेत सांगण्यासारखा नाही. नेल्डा घरात सराव घ्यायला लागली. तो कांदा चिरत असला, दाढी करत असला की ती दारामागून टॉवेल फडकवायची. हॉलिसचा पाय दर वेळी खाली. एकदा तर पाय मांजराच्या ताटलीवर पडला, तेव्हापासून मांजर बॉयसकडे जेवते.

"सोडून दे ना," एकोणतीस तारखेला नेल्डा म्हणाली. टोमॅटोचं सँडविच त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली. "फवारू देत त्यांना. पुढच्या वर्षी पानं परत येतील."

"मासा येणार नाही."

"एका माशासाठी तू जेवत नाहीस, झोपत नाहीस. कपाळ बघ आरशात."

"नेल्डा, तो आहे, आणि ते म्हणतात नाही," हॉलिस म्हणाला. "मला एवढंच पाहिजे, की त्यांनी आहे म्हणावं."

नेल्डाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या पायाखालची उशी धुऊन वाळत घातली.

एकतीस जुलै. सभा संध्याकाळी सात वाजता. हॉलिस पहाटे साडेपाचला पाण्यावर होता. हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून रुमाल ओला झाला. सहा वाजेपर्यंत काही नाही. सव्वासहाला त्याने पिवळ्या पोटाचा बेडूक दूर पानांच्या दाट झुबक्यावर टाकला, सरकवत फटीच्या काठाला आणला, आणि मागून शिट्टी वाजली.

हंस येत होता.

"तुझा नंबर वाचता येत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "उन्हाने उडालाय. एकाहत्तर आहे की सत्त्याहत्तर?"

"डेल्बर्ट, आत्ता नको ना."

"सत्त्याहत्तर मी कुणाला दिलेलाच नाही. तो असेल तर गंभीर आहे."

या माणसाशी वाद घालण्यात नऊ दिवस जातात हे हॉलिसला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने काठी बाकाखाली अडकवली, बोटीच्या तळाशी गुडघे टेकले आणि काठावरून वाकून थुंकी लावून शर्टाच्या टोकाने स्टिकर पुसायला लागला. डेल्बर्ट हंसातून वाकून बघत होता. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. त्याच वेळी मागे पाणी फुटलं.

हॉलिसचा पाय दाबायला गेला; पण तो गुडघ्यावर होता, पायाखाली फक्त हवा. हात झेपावायला गेले. पण एकात शर्ट होता आणि दुसरा डेल्बर्टने मनगटाशी धरला होता.

"आधी नंबर," डेल्बर्ट म्हणाला.

"एकाहत्तर."

"नक्की?"

"एकाहत्तर, डेल्बर्ट, एकाहत्तर."

डेल्बर्टने हात सोडला. तोवर काठीचं टोक पाण्यात गेलं होतं. हॉलिसने ती दोन्ही हातांनी धरली आणि कमरेतून झटका मारला, आणि या वेळी समोरून उत्तर आलं. जड, संतापलेलं उत्तर. मासा थेट पानांच्या मुळांत शिरला. हॉलिसने ओढलं तर मासा बोटीकडे यायच्या ऐवजी बोट माशाकडे गेली, आणि झुबक्यात जाऊन रुतली. मग या एकसष्ट वर्षांच्या माणसाने चष्मा डेल्बर्टच्या हातात दिला आणि पाण्यात उडी मारली. छातीपर्यंत पाणी, त्याखाली गुडघाभर चिखल. गळाच्या दोरीच्या मागे मागे हाताने शेवाळ उपसत तो गेला, आणि दोन्ही हातांत मावणार नाही इतका शेवाळाचा गोळा घेऊन वर आला. गोळा शेपटी आपटत होता.

डेल्बर्टने मापाची पट्टी काढली. साडेएकवीस इंच. हॉलिस हसत होता, आणि चष्म्याशिवाय त्याला दिसत काहीच नव्हतं. डेल्बर्टने बोटीत राहिलेल्या हॉलिसच्या फोनवर फोटो काढला. मग तिथली रीत आहे तशी हॉलिसने मासा पाण्यात धरला, त्याचे कल्ले नीट हलू दिले, आणि हात उघडले. एवढ्या उन्हात मासा जास्त वेळ बाहेर ठेवला तर मरतो, आणि मेलेला मासा दाखवून पानं वाचवण्यात काय अर्थ.

संध्याकाळी हॉल भरलेला होता. फोटो पडद्यावर आला. आणि अशी हसण्याची लाट आली की मिस जॉर्जीननी टेबलावर पट्टी आपटली.

हॉलिसचे हात. त्या भागात माणसाने मासा हातात घेतला की कोपर आपोआप सरळ होतं आणि मासा कॅमेऱ्याकडे जातो, म्हणजे तो मोठा दिसतो. सगळेच करतात. सगळेच करतात म्हणून सगळ्यांनाच कळतं. हॉलिसने बाराव्या वर्षानंतर मासा धरला नव्हता, पण ही एक गोष्ट त्याचे हात विसरले नव्हते.

"अजून थोडा ताणला असतास तर फोटोबाहेर गेला असता रे," बॉयस डोळे पुसत म्हणाला.

"श्री. ट्रॅमेल," मिस जॉर्जीन म्हणाल्या, "या फोटोतला मासा आठ इंचांचाही असू शकतो. मासा कुठे आहे?"

"सोडला, मॅडम."

पुन्हा हशा. हॉलिस उभाच राहिला. त्याला खाली बसायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं म्हणून तो छताकडे बघायला लागला.

मागच्या रांगेत पिवळं जाकीट उठलं. डेल्बर्टने वही उघडली आणि कुणाकडेही न बघता वाचलं, "एकतीस जुलै, सकाळी सहा बावीस. बोट एकाहत्तर. स्टिकर अस्पष्ट, ताकीद दिली. बास मासा एक, कमळाच्या पानांतून. साडेएकवीस इंच. मापणारा, डी. स्नेलग्रोव्ह."

डेल्बर्टने आजवर कुणाच्या बाजूने एक ओळ लिहिल्याचं बासष्ट घरांत कुणाला आठवत नव्हतं. हशा थांबला. मिस जॉर्जीननी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "मासा आहे. फवारणीचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे."

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण पुढल्या शनिवारी पहाटे पाच वाजता हॉलिस कॉफी घेऊन धक्क्यावर गेला, तर कोपऱ्यात एकोणीस बोटी होत्या. मधोमध लाल बोटीत बॉयस. सगळ्यांकडे रबरी बेडूक, सगळ्यांची इंजिनं चालू. दुसऱ्या रविवारपर्यंत निम्मी पानं पंख्यांनी कापून काढली होती. देठ तरंगत होते, पाणी चहासारखं झालं होतं. माशाचा आवाज बंद झाला. जे काम तणनाशक करणार होतं ते हॉलिसच्या विजयाने बारा दिवसांत केलं.

ऑगस्टच्या सभेत केक नव्हता, तरी हॉल भरलेला होता आणि हॉलिस पहिल्या रांगेत बसला. त्याने प्रस्ताव लिहूनच आणला होता: पूर्वेकडच्या कोपऱ्यात बोट नाही, गळ नाही, वर्षभर, कुणालाही नाही.

"वा रे," बॉयस उठला. "स्वतःचा पकडून झाला, आता दुसऱ्यांना बंदी?"

"मलाही बंदी."

"तुमचं घर, तुमचा धक्का, तुमची बोट तिथेच आहे, श्री. ट्रॅमेल," मिस जॉर्जीन म्हणाल्या. "नियम तुम्हाला सगळ्यांच्या आधी लागू होईल. समजून बोलताय ना?"

"हो, मॅडम. माझंच नाव पहिलं लिहा."

मतदान झालं. सतरा विरुद्ध, अडतीस बाजूने. बाजूने हात वर करणाऱ्यांत बहुतेक ते होते ज्यांची झोप पहाटे पाचला इंजिनांनी मोडत होती, आणि मिस जॉर्जीन स्वतः.

सप्टेंबरच्या शेवटी पानं परत दिसायला लागली, आधी तळहाताएवढी, मग ताटाएवढी. एका सकाळी नेल्डाही आपला कप घेऊन धक्क्यावर आली. उन्हाळाभर ती तिथे आली नव्हती. दोघं कॉफी पीत बसली होती, आणि पानांत फटकन तो आवाज झाला. नेल्डाची कॉफी तिच्या मांडीवर सांडली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हाच का तो?"

"हाच."

"आधीपेक्षा मोठा झालाय का रे?"

"सहा पौंड असेल आता."

नेल्डा पाण्याकडे बघत राहिली. "आता सिद्ध कसं करणार?"

"कशाला करायचं?" हॉलिस म्हणाला.

नेल्डाने आपली खुर्ची उचलली आणि पाण्याच्या अजून थोडी जवळ नेऊन ठेवली.